आक्रोशाचा आवाज

मूळ लेखकानेच पटकथा लिहिली म्हणजे कादंबरी पडद्यावर सुखरूप उतरली, हा युक्तिवाद फसवा आहे. जयकांतन यांच्या ‘अग्निप्रवेशम्’ (१९६६) या कथेत, मद्रासच्या पावसात अनोळखी पुरुषाच्या मोटारीत भोगल्या गेलेल्या कॉलेजकन्येला आई न्हाऊ घालते आणि निष्कलंक ठरवते. सनातनी वाचक खवळले. तेव्हा जयकांतन यांनी कादंबरीतून प्रतिप्रश्न केला : आईने आक्रोश केला असता तर? ‘सिल नेरंगळिल सिल मनिदर्गळ’ ही ती कादंबरी. तिला १९७२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. तीत गंगेचे कोवळे मन कायमचे मोडते ते घरच्यांच्या वागण्याने.

भीमसिंग यांच्या चित्रपटात (१९७७) लक्ष्मी यांनी गंगा साकारली. त्यांना मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार यथार्थच होता. परंतु पडद्यावरचा आक्रोश एकदा ऐकू येऊन विरतो. कादंबरीत तो गंगेच्या अंतरंगात, तिच्याच आवाजात, वर्षानुवर्षे चालू राहतो. प्रेक्षकाच्या स्मरणात पाऊस आणि मोटार उरते, आणि घर नामानिराळे होते. मुलीच्या मनोव्यथेचे खापर एका संध्याकाळवर फोडणे समाजाला नेहमीच सोयीचे असते. चित्रपट पाहून कादंबरी वाचल्याचे समाधान मानणाऱ्या अभ्यासकाने त्या सोयीला हातभार लावू नये.