प्रौढांचे तत्त्वज्ञान आणि प्रमाणपत्राचे मोल

केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ मंचावर 2017 पासून तत्त्वज्ञानासह अनेक विषयांचे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. वयाची अट नाही. शुल्क लागते ते केवळ प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी वा उमरखेडच्या निवृत्त शिक्षकालाही न्याय-वैशेषिकापासून कांटपर्यंतचा अभ्यास घरबसल्या करता येतो. मात्र परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते आणि सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात ते अंतर क्षुल्लक नाही.

या अभ्यासाला मान्यता आहे, पण ती प्रामुख्याने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून पूर्ण करता येतात. कुठेही प्रवेश न घेतलेल्या प्रौढाच्या हाती उरते ते प्रमाणपत्र. त्याचा सन्मान करणे हे खरे तर गावातल्या ग्रंथालयाचे आणि महाविद्यालयाचे काम.

मोठी अडचण भाषेची. बहुतेक व्याख्याने इंग्रजीत, काही हिंदीत. वास्तविक मराठीत तत्त्वज्ञानाची परिभाषा तयार आहे, दे. द. वाडेकरांनी संपादिलेला ‘मराठी तत्त्वज्ञान-महाकोश’ 1974 मध्येच प्रसिद्ध झाला. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने मराठी अभ्यासक्रम आणि तालुक्याजवळ परीक्षा केंद्र, या दोन गोष्टी आधी कराव्यात.