ज्वारी मंगळवेढ्याची, रेशन मात्र गहू-तांदळाचं

मा. मंत्री,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

सोलापूरहून हैदराबादला निघालं की महामार्गावर झहीराबाद लागतं. आपल्या खात्यातल्या कुणीतरी तिथे एकदा गाडी थांबवावी, म्हणून हे पत्र.

जवळच्या पस्तापुरात १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था काम करते. तिचे संघम, म्हणजे गावोगावचे गट, बायांचे, त्यातही बहुतेक दलित, कोरडवाहू शेतकरी बायांचे. नव्वदच्या दशकात त्यांनी स्वतःचं रेशन उभं केलं. पडीक जमीन असलेल्या शेतकऱ्याला नांगरट, शेणखत आणि बियाण्यासाठी उचल द्यायची. त्याने ती पुढची काही वर्षं ज्वारीच्या रूपात फेडायची. शेतात रासायनिक खत नाही, फवारणी नाही. ज्वारी गावातच साठवायची, कडुलिंबाचा पाला घालून. पावसाळ्यात हाताला काम नसतं, तेव्हा ती बाजारभावापेक्षा स्वस्तात विकायची. गरीब कोण, हे गावानेच बसून ठरवलं. ज्याची ओढाताण जास्त, त्याचा वाटा जास्त. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कुणाला तहसिलात खेटे घालावे लागले नाहीत.

आता आपल्याकडे पाहा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. खोल काळ्या रानातल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, येतो. खताचं पोतं बरेच जण फोडतही नाहीत. म्हणजे शहरातल्या दुकानात ‘सेंद्रिय’ म्हणून चढ्या भावाने विकलं जातं तसलं धान्य इथे मुळातच पिकतं. पण तीच ज्वारी खुडणारी बाई रेशनवर गहू-तांदूळ घेते, कारण बाजारातली ज्वारी तिला परवडत नाही. तांदूळ वाईट असं मी म्हणत नाही. पण तिच्या घरी भाकरी खातात.

कायदा आड येत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरड धान्यही आहे, तेही तेव्हा सर्वात स्वस्त होतं, एक रुपया किलो. २०२३ पासून तर रेशनचं धान्य फुकटच आहे.

ज्वारी टिकत नाही, असं उत्तर येईल. आपले आजे जमिनीखालच्या पेवात वर्षानुवर्षं ज्वारी ठेवत. (तिला आंबूस वास यायचा, हे खरं.) ज्वारी लांबच्या गोदामात जाऊन परत फिरते तिथेच बिघडते. ज्या तालुक्यात घेतली तिथेच काही महिन्यांत वाटली, तर तिला टिकायचंय तरी किती?

सगळ्या राज्यात लगेच करा, असा हट्ट नाही. मंगळवेढा आणि शेजारच्या एकदोन तालुक्यांत करून पाहा. खरेदी शेतकरी गटांकडून व्हावी, साठवण बचत गटांकडे असावी आणि वाटप नेहमीच्याच दुकानातून व्हावं. मात्र भाव पोळ्याच्या सुमारास जाहीर करा. शाळूची पेरणी त्यानंतर होते, आणि शेतकरी ज्वारी पेरायची की दुसरं काही, हे तेव्हाच ठरवतो.

कळावे,
आपली,
एक शिधापत्रिकाधारक