झाड लावले; पंखा कोण बंद करणार?

५ जून आला की विद्यापीठांत खड्डे खणले जातात. पाहुणे येतात, रोपाला झारीने पाणी घालतात, छायाचित्र निघते. अध्यापक म्हणून पंचवीसेक वर्षे मीही त्या छायाचित्रांत उभा राहिलो. समारंभ आटोपून परतताना रिकाम्या वर्गातले पंखे गरगर फिरत असायचे. ते बंद करण्याचे आमच्यापैकी कोणालाच सुचत नसे, मलाही नाही. सेवानिवृत्तीनंतर एका दुपारी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा त्या न सुचण्याची किंमत कळली.

हिशेब साधा आहे. एका मोठ्या वर्गात वीस पंखे धरा. जुना पंखा ७५ वॅटचा. रोज ८ तास, वर्षाचे २०० दिवस, म्हणजे २,४०० युनिट. त्या जागी ३० वॅटचे नवे बीएलडीसी पंखे लावले तर ९६०. वाचली १,४४० युनिट. आपली बहुतांश वीज अजूनही कोळशाची. एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका वर्गामागे वर्षाला एक टन वाचला. वाढलेले झाड वर्षाला ढोबळमानाने वीस किलो शोषते. एक वर्ग बरोबर पन्नास झाडे! तीही जगली तर.

झाडे नकोत, असे कोण म्हणेल? सावलीसाठी, पाखरांसाठी ती हवीतच. पण झाड हे पावती म्हणून फाडू नये, एवढेच.

दुसरी गोष्ट रस्त्यावरची. एक लिटर पेट्रोल जळले की सव्वादोन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड तयार होतो. रोज वीस किलोमीटर दुचाकी हाकणाऱ्या विद्यार्थ्याच्या खाती वर्षाला दीड-दोनशे किलो जमा होतात. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वेळेवर बस मिळाली तर तो दुचाकी कशाला काढील?

खरी अडचण अशी, की बटण दाबणारा एक आणि बिल भरणारा दुसरा. विभागाला आपण किती युनिट जाळली हे कधी कळतच नाही. प्रत्येक विभागाला स्वतंत्र मीटर द्यावा, आकडा दर महिन्याला सूचनाफलकावर लावावा आणि वाचलेल्या पैशांतले निम्मे त्याच विभागाच्या ग्रंथालयाला द्यावेत. मग पंखे आपोआप बंद होतील. वातानुकूलन यंत्र २४ अंशांवर ठेवणे, गच्चीवर सौरपट्ट्या बसवणे, ही पुढची पावले.

२०२१ साली ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०७० पर्यंत 'नेट झीरो' गाठण्याचा शब्द दिला. आज वर्गात बसलेला वीस वर्षांचा मुलगा तेव्हा पासष्टीच्या आसपास असेल. उन्हाळे त्याला सोसायचे आहेत, आम्हाला नव्हे. हवामानबदलाचा धडा आम्ही त्याला फळ्यावर शिकवला. डोक्यावरचा पंखा मात्र उलटाच धडा देत राहिला.

येत्या ५ जूनला रोप जरूर लावा. पण पाहुण्यांना आधी विजेचे बिल दाखवा.