फाशी मागणारे एफआयआर का मागत नाहीत?

बाईवर अत्याचार झाल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी चौकाचौकात मेणबत्त्या पेटतात आणि ‘फाशी द्या’चे फलक झळकतात. सरकारलाही हेच हवे असते. फाशीची घोषणा फुकट होते. पोलीस ठाणे सुधारायला पैसा लागतो आणि दानतही.

‘शक्ती’ कायद्याचे काय झाले आठवते का? डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने तो मंजूर केला. त्यात फाशी होती, आणि खोट्या तक्रारीसाठी तुरुंगही होता. म्हणजे आधीच घाबरलेल्या बाईला आणखी घाबरवण्याची सोय! केंद्राच्या मंजुरीअभावी तो लागूच झाला नाही. न्या. वर्मा समितीने २०१३ मध्येच बलात्काराला फाशी नको असे सांगून पोलिसांच्या कारभारावर बोट ठेवले होते. त्याच वर्षी बलात्काराची तक्रार न नोंदवणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरीची तरतूद आली. आज ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला चिमुरड्या मुलींच्या पालकांना तक्रारीसाठी तासन्‌तास ताटकळत ठेवले. संतापलेले लोक रेल्वे रुळांवर उतरले, फाशीच्या घोषणा घुमल्या. हे कलम किती जणांच्या तोंडी होते?

आंबेडकरी तरुणांचा फाशीचा मोह तरी खैरलांजीने सुटायला हवा होता. २९ सप्टेंबर २००६ ला एका बौद्ध कुटुंबातले चौघे मारले गेले, त्यात आई आणि मुलगी होती. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली, आणि त्याच निकालात ॲट्रॉसिटी नाही, विनयभंगही नाही, असे ठरवले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची २५ वर्षे कैद केली. ॲट्रॉसिटी तिथेही लागली नाही. फाशी आली आणि गेली. जात निकालपत्रात शिरलीच नाही! खटला उभा राहतो पहिल्या दोन दिवसांच्या कागदांवर: फिर्याद, पंचनामा, वैद्यकीय तपासणी. तिथे निसटलेली गोष्ट मोर्चाने परत येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात आरोपपत्राला ६० दिवसांची मुदत आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा, आणि मुख्यमंत्र्यांच्या समितीची वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, झालीच पाहिजे असा नियम आहे. तुमच्या जिल्ह्यात शेवटची बैठक कधी झाली? इतिवृत्त कुठे आहे? माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. फलकाचे फ्लेक्स त्याहून महाग पडते.

आता घरचे बोलू. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायकोने नवऱ्याची मैत्रीण व्हावे, गुलाम नव्हे, असे सांगितले. आणि आज? मारणारा परजातीचा असेल तर मोर्चा. मारणारा आपला कार्यकर्ता असेल तर ‘घरातली गोष्ट आहे, चळवळीची बदनामी होईल’. मग विहारात चार वडीलधारे बसतात, तडजोड होते, आणि ताई त्याच घरात परत जाते. याला समाजाचा प्रयत्न म्हणायचे असेल तर जातपंचायत वेगळे काय करते? २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा बौद्ध नवऱ्यालाही लागू आहे, हे कुणीतरी मोठ्याने सांगायला हवे.

या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर विहाराच्या फळ्यावर लिहा. ताई तक्रारीला निघाली तर ठाण्यात तिच्यासोबत दोघी-तिघी जा, एफआयआरची प्रत हातात पडल्याशिवाय उठू नका. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे पैसे कापा, वकिलाची फी भरा. आणि बायकोला मारणाऱ्याला १४ एप्रिलच्या मंचावर बसवू नका, मग तो कितीही मोठा वक्ता असो.