न पुसणारा क्रमांक

गाई-म्हशींच्या कानातला पिवळा बिल्ला आता गावोगावी दिसतो. ऊन, पाऊस, चिखल सोसूनही त्यावरचा १२ अंकी क्रमांक वाचता येतो, कारण तो शाईने छापलेला नसून लेसरने उमटवलेला असतो. रुग्णालयात मात्र प्लास्टिकच्या उपकरणांवरची शाई स्पिरिटचा बोळा फिरवून फिरवून पुसट होते. उद्या एखादी सदोष बॅच कंपनीने परत मागवली, तर त्यातले उपकरण कोणत्या रुग्णाला लावले, हे शोधणार कसे?

लेसर हा त्यावरचा उपाय. अडचण अशी, की या कामी सर्रास वापरले जाणारे १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण बहुतेक प्लास्टिकमधून आरपार जातात. खूण उमटत नाही. म्हणून प्लास्टिक वितळलेले असतानाच त्यात प्रकाश शोषणारे कण अत्यल्प प्रमाणात मिसळतात. उदाहरणार्थ, अँटिमनीयुक्त टिन ऑक्साइड. लेसर पडताच हे कण तापतात आणि भोवतालचे प्लास्टिक तेवढ्याच ठिपक्यापुरते करपून काळे पडते किंवा फेसाळून फिकट दिसते. कण नॅनो आकाराचे, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीहून बरेच लहान असले, तर पारदर्शक नळी गढूळ होत नाही. नळीतला हवेचा बुडबुडा दिसणे किती गरजेचे असते, हे कोणतीही परिचारिका सांगेल.

मग हे कण शरीरात उतरतील का? घट्ट प्लास्टिकमध्ये ते जखडलेले असतात. मोकळी पूड हाताळणाऱ्या आणि लेसरच्या धुराजवळ काम करणाऱ्या कामगाराला त्यांचा धोका अधिक. तिथे धूर ओढून घेणारी यंत्रणा हवीच. तरीही रक्ताशी संपर्क येणाऱ्या भागातून काही झिरपते का, खुणेची जागा खडबडीत होऊन तिथे जंतू साचतात का, हे तपासले पाहिजे. युरोपच्या २०१७च्या नियमावलीत नॅनोपदार्थ असलेल्या उपकरणांची वर्गवारी, ते शरीराच्या आत पोहोचण्याची शक्यता किती, यावरून होते.

भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषध ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. वैद्यकीय उपकरणांच्या २०१७च्या नियमांतही स्वतंत्र ओळख क्रमांकाची तरतूद आहे. पण वेष्टन फाडले, की ते कचऱ्याच्या डब्यात जाते. उपकरण रुग्णाजवळ राहते. क्रमांक शक्य तिथे उपकरणावरच हवा. तोवर पाकिटावरचे स्टिकर केसपेपरवर चिकटवण्याची साधी सवय तरी मोडू नये.