विश्लेषण : वेबसाइटचं सर्टिफिकेट ४७ दिवसांतच का संपणार? आणि ते दर वेळी बदलणार कोण?

मोबाइलवर लिंक उघडली आणि पानाऐवजी 'तुमचं कनेक्शन खासगी नाही' असा इशारा समोर आला, असं तुमच्याबाबतीतही कधीतरी झालं असेल. अशा वेळी हॅकरचीच शंका आधी येते. पण अनेकदा कारण साधं असतं. वेबसाइटच्या सर्टिफिकेटची मुदत संपलेली असते आणि ते बदलायचं कुणाच्या लक्षातच राहिलेलं नसतं.

आता ही मुदत आणखी कमी होतेय. आजवर वर्षातून एकदा करायचं काम पुढे जवळपास दर महिन्याला करावं लागेल.

हे सर्टिफिकेट म्हणजे नेमकं काय?

वेबसाइटच्या पत्त्याआधी 'एचटीटीपीएस' असतं, त्यामागे टीएलएस सर्टिफिकेट असतं. ते दोन कामांत मदत करतं. तुम्ही टाकलेला पासवर्ड किंवा कार्ड नंबर वाटेत कुणाला वाचता येऊ नये, आणि समोरची साइट खरंच त्याच डोमेनची आहे हे ब्राउझरला कळावं. ही सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांना 'सर्टिफिकेट ऑथॉरिटी' म्हणतात.

नवा नियम काय आहे?

या संस्था आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या मिळून 'सीए/ब्राउझर फोरम' चालवतात. एप्रिल २०२५ मध्ये या फोरमने ॲपलचा प्रस्ताव मंजूर केला. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला या चौघांनीही बाजूने मत दिलं, विरोधात एकही मत पडलं नाही.

त्यानुसार कमाल मुदत अशी कमी होते:

- आधी : ३९८ दिवस
- १५ मार्च २०२६ पासून : २०० दिवस
- १५ मार्च २०२७ पासून : १०० दिवस
- १५ मार्च २०२९ पासून : ४७ दिवस

४७ हा आकडा कुठून आला? एक पूर्ण महिना म्हणजे ३१ दिवस, वर अर्धा महिना म्हणजे १५ दिवस आणि एक दिवस सवलतीचा. म्हणजे दर महिन्याला नूतनीकरण करायचं आणि काही बिघडलंच तर दुरुस्तीला पंधरवडा हाताशी ठेवायचा.

मुदत कमी करून काय साधणार?

सर्टिफिकेटसोबत एक गुप्त किल्ली असते. ती चोरीला गेली तर चोर तुमच्या साइटचं सोंग घेऊ शकतो. अशी सर्टिफिकेट रद्द करण्याची सोय आहे, पण रद्द झाल्याची बातमी प्रत्येक ब्राउझरपर्यंत वेळेत पोहोचेलच याची खात्री नाही. म्हणून मुदतच कमी ठेवली, तर नुकसानीचा काळही कमी होतो.

ही भीती कागदावरची नाही. २०११ मध्ये नेदरलँड्सच्या डिजिनोटार कंपनीत घुसखोरी झाली. तिथून निघालेलं गूगलचं बनावट सर्टिफिकेट इराणमधल्या लोकांविरुद्ध वापरलं गेलं आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. भारतातही जुलै २०१४ मध्ये एनआयसीच्या यंत्रणेतून गूगल आणि याहूच्या डोमेनसाठी अनधिकृत सर्टिफिकेट निघाल्याचं उघड झालं होतं.

मग अडचण कुठे आहे?

माणसं तारखा विसरतात, अगदी मोठ्या कंपन्यांतलीसुद्धा. डिसेंबर २०१८ मध्ये एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या एका सर्टिफिकेटची मुदत संपली आणि ब्रिटनमध्ये ओटू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचं मोबाइल इंटरनेट बंद पडलं. फेब्रुवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास ठप्प झालं, कारण तेच.

वर्षातून एकदा करायचं काम तिथे चुकलं. मग वर्षातून निदान आठ वेळा ते हाताने करणाऱ्या पतसंस्थेचं, शाळेचं किंवा छोट्या ऑनलाइन दुकानाचं काय होईल?

उपाय : काम यंत्रावर सोपवणं

यासाठी 'एक्मे' नावाची पद्धत २०१९ पासून अधिकृत मानक आहे. सर्व्हरवरचा छोटा प्रोग्रॅम, उदाहरणार्थ सर्टबॉट, सर्टिफिकेट मागतो. देणारी संस्था म्हणते, 'डोमेन तुझं आहे हे दाखव.' मग प्रोग्रॅम साइटवर ठरलेल्या जागी एक फाइल ठेवतो किंवा डोमेनच्या डीएनएसमध्ये एक नोंद करतो. ती तपासली गेली की नवं सर्टिफिकेट मिळतं. मुदत संपायच्या बऱ्याच आधी हीच फेरी आपोआप पुन्हा होते.

'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा सेवा २०१५ पासून अशी सर्टिफिकेट मोफत देते, म्हणजे पैशांचीही अडचण नाही. अनेक होस्टिंग कंपन्या ही सोय पॅनलमध्येच देतात. कॅडीसारखा वेब सर्व्हर तर हे सगळं स्वतःच करतो.

एकदा लावलं की काळजी मिटली?

नाही. फायरवॉलमध्ये ८० क्रमांकाचा पोर्ट बंद केला, तर फाइलची तपासणी अडते. डीएनएस दुसऱ्या कंपनीकडे हलवला आणि नवी चावी प्रोग्रॅमला दिलीच नाही, तर नोंद होत नाही. कधी नवं सर्टिफिकेट येतं, पण सर्व्हर रीलोड न झाल्याने जुनंच दाखवलं जातं. लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत असल्याचे ईमेल पाठवणंही जून २०२५ मध्ये बंद केलं. त्यामुळे साइटवरचं सर्टिफिकेट बाहेरून रोज तपासणारी वेगळी सूचना लावणं गरजेचं आहे.

सामान्य वापरकर्त्यांनी काय लक्षात ठेवायचं?

इशारा दिसला की 'तरीही पुढे जा' दाबायची सवय घातक आहे. कारण मुदत संपलेली असो की कुणी मधे बसून माहिती चोरत असो, तुम्हाला दिसणारं पान जवळपास सारखंच असतं. अशा पानावर पासवर्ड, ओटीपी किंवा कार्डाची माहिती टाकू नका.

दुसरी बाजूही आहे. सर्टिफिकेट आहे म्हणजे साइट प्रामाणिक आहे, असं नाही. फसवणूक करणाऱ्यालाही ते मोफत मिळतं. म्हणूनच गूगल क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याजवळचं कुलपाचं चिन्ह काढून टाकलं. कनेक्शन सुरक्षित आहे की नाही हे यंत्र पाहील. पण पत्त्यातलं नाव आपल्याच बँकेचं आहे की एका अक्षराने वेगळं, हे तुम्हालाच पाहावं लागेल.