ग्रॉमिट गप्प का?

ब्रिटिश ॲनिमेटर निक पार्कने 'अ ग्रँड डे आउट' ही फिल्म १९८२ मध्ये, विद्यार्थी असताना सुरू केली. पूर्ण झाली १९८९ मध्ये. लांबी? जेमतेम २३ मिनिटं! क्लेची बाहुली केसभर हलवायची, फ्रेम टिपायची, पुन्हा हलवायची...

तुम्ही म्हणाल, संगणक असताना ही हमाली कशाला? खरंय. पार्कच्याच आर्डमन स्टुडिओने २००६ चा 'फ्लश्ड अवे' संगणकावर केला. त्यात पाणीच पाणी होतं, आणि क्लेचं पाण्याशी जमत नाही.

पण 'ग्रँड डे'मधला ग्रॉमिट कुत्रा आठवा. तो खरं तर बोलणार होता. पण तोंड हलवणं फार किचकट निघालं, आणि पार्कच्या लक्षात आलं की नुसतं कपाळ आणि कान हलवले तरी सगळं कळतंय. झालं, तोंडच गेलं! आता मालक वॉलेसने काही वेडेपणा केला की ग्रॉमिटचं कपाळ तेवढं हलतं, आणि आपण हसतो.

मला विचाराल तर, माती अडवते म्हणून माणसाला सुचतं. सगळंच सहज करता येत असेल, तर काय करू नये हे कोण शिकवणार?

२०२४ च्या 'व्हेंजन्स मोस्ट फाउल'मध्येही ग्रॉमिट हातानेच हलवलेला आहे. आणि अजून गप्पच आहे.